कॅनन आणि कॅनन : एकाच बोरूची दोन लेकरे

दिसायला जवळजवळ सारखे आणि उच्चाराला अगदी एकच, असे काही शब्द इंग्रजी भाषेत आहेत. 'कॅनन' हे त्याचे ठळक उदाहरण. मधले 'एन' हे अक्षर एकदा लिहिले की त्या शब्दाचा अर्थ होतो नियम, प्रमाण किंवा अधिकृत यादी. तेच अक्षर दोनदा लिहिले की अर्थ होतो तोफ. देवनागरी लिपीत तर हा दृश्य भेदही नाहीसा होतो, कारण दोन्ही शब्द आपण 'कॅनन' असेच लिहितो. परिणामी इंग्रजी पत्रकांत, निमंत्रणपत्रिकांत आणि कधी कधी संस्थांच्या नियमावलींतही 'कॅनन लॉ' हा शब्द दोन 'एन' घालून छापलेला दृष्टीस पडतो आणि ख्रिस्तसभेच्या कायद्याला नकळत 'तोफेचा कायदा' असे रूप येते.

चूक एका अक्षराची आहे. ती हसून सोडून देता येईल. परंतु तिच्यामागे दडलेली एक समजूत मात्र तितकी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'कॅनन लॉ' म्हटले की आपल्या पुष्कळ भाविकांच्या मनात खरोखरच तोफेचे चित्र उभे राहते. कोणावर तरी रोखलेले, वरून डागले जाणारे आणि ज्याच्यासमोर आपले काही चालत नाही असे काहीतरी, अशी त्यांची धारणा असते. ही धारणा कितपत खरी आहे? शब्दांचे मूळ शोधत गेल्यास या प्रश्नाचेही उत्तर हाती लागण्याची शक्यता आहे. म्हणून प्रथम शब्दांकडे वळू.

पाणथळीतील बोरू

आश्चर्याची गोष्ट अशी की, हे दोन्ही शब्द एकाच मुळातून निघाले आहेत आणि ते मूळ अक्षरशः मुळे असलेली एक वनस्पती आहे. नद्यांच्या काठी, दलदलीत उगवणारा, सरळ वाढणारा आणि आतून पोकळ असलेला बोरू. मेसोपोटेमियातील प्राचीन अक्कादी भाषेत त्याला 'कनू' म्हणत. हिब्रू भाषेत तो 'काने' झाला. पूर्व भूमध्य सागरी व्यापाराच्या वाटेने हा शब्द ग्रीकांकडे गेला व तेथे 'कान्ना' असे रूप पावला. लॅटिनमध्येही तो 'कान्ना' म्हणूनच रुळला.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हा बोरू परका नाही. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकात निवासमंडपातील सोन्याच्या दीपवृक्षाचे वर्णन आहे. त्याच्या दांड्याला आणि शाखांना हिब्रूत 'काने' हाच शब्द वापरलेला आहे. यहेज्केल संदेष्ट्याला नव्या मंदिराचा दृष्टान्त होतो, तेव्हा द्वाराशी उभ्या असलेल्या पुरुषाच्या हाती मोजण्याचा बोरू असतो. त्याची लांबी सहा हात असून त्यातील प्रत्येक हात नेहमीच्या हातापेक्षा चार बोटांनी मोठा आहे. आपल्या प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या गालीलातील 'काना' या गावाचे नावही याच हिब्रू शब्दावरून पडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. काना म्हणजे बोरूंचे गाव.

बोरूचे दोन गुण लक्षात ठेवले पाहिजेत. तो सरळ असतो आणि तो पोकळ असतो. आपल्या दोन शब्दांची कथा म्हणजे या दोन गुणांची कथा होय. सरळपणातून एक 'कॅनन' जन्मला आणि पोकळपणातून दुसरा.

सरळपणाची कथा

गवंडी आणि सुतार यांना भिंत सरळ आहे की नाही, फळी वाकडी तर नाही ना, हे पाहण्यासाठी सरळ काठी लागते. ग्रीक कारागिरांच्या या काठीला 'कानोन' असे नाव मिळाले. पुढे शब्दाने कारखाना सोडला व तो विचारांच्या क्षेत्रात आला. ज्याच्या आधारे इतर गोष्टी पारखाव्यात ते प्रमाण म्हणजे 'कानोन'. मूर्तिकारांसाठी मानवी देहाचे आदर्श प्रमाण, तत्त्ववेत्त्यांसाठी सत्याची कसोटी, वैयाकरणांसाठी शुद्ध भाषेचा नमुना, असे त्याचे अर्थ विस्तारत गेले.

संत पौलाने हाच शब्द गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस वापरला आहे. सुंता झालेली असणे वा नसणे याला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते नव्या उत्पत्तीला, असे सांगून या नियमाने जे चालतील त्यांच्यासाठी तो शांती व दया मागतो. तेथे 'नियम' या ठिकाणी मूळ ग्रीक शब्द 'कानोन' आहे. ख्रिस्ती लेखनात या शब्दाचा प्रवेश झाला तो असा, शांती आणि दया यांच्या संगतीत.

इ. स. ३२५ साली निकिया येथे भरलेल्या पहिल्या सार्वत्रिक धर्मपरिषदेने शिस्तीसंबंधी २० निर्णय केले. त्यांना 'कॅनन' म्हणतात. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. सम्राटाच्या कायद्यासाठी ग्रीक भाषेत 'नोमोस' हा शब्द रूढ होता. ख्रिस्तसभेने आपल्या नियमांसाठी राजदंडाचा हा शब्द न घेता कारागिराच्या सरळ काठीचा शब्द घेतला.

त्याच चौथ्या शतकात या शब्दाला 'अधिकृत यादी' असाही अर्थ प्राप्त झाला. आलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनाशियस यांनी इ. स. ३६७ च्या आपल्या पास्काविषयक पत्रात नव्या कराराच्या २७ पुस्तकांची जी यादी दिली, ती आज आपण मानतो तीच आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी पवित्र शास्त्राच्या संपूर्ण 'कॅनन'ची, म्हणजे आपण कॅथलिक मानतो त्या ७३ पुस्तकांची, अधिकृत घोषणा केली. मिस्सामधील पहिल्या ख्रिस्तप्रसाद प्रार्थनेला 'रोमन कॅनन' म्हणतात, कारण ती शतकानुशतके ठरलेली, प्रमाणभूत प्रार्थना आहे. महामंदिराच्या नियमबद्ध धर्मगुरू-मंडळातील सदस्यालाही 'कॅनन' हीच उपाधी आहे.

संतपदाच्या घोषणेला इंग्रजीत जो शब्द आहे तोही येथूनच आला. एखाद्या धन्य व्यक्तीचे नाव संतांच्या 'कॅनन'मध्ये, म्हणजे अधिकृत नामावलीत, समाविष्ट करणे हा त्याचा मूळ अर्थ. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य प्राप्त झाले. १६२७ साली त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांचे नाव संतांच्या नामावलीत घातले. हा शब्द लिहिताना दोन 'एन' घातले, तर आपल्या वसईच्या संताला आपण नामावलीत न घालता तोफेच्या तोंडी देतो, हे पत्रिका छापणाऱ्यांनी अवश्य स्मरावे!

पोकळपणाची कथा

आता बोरूचा दुसरा गुण. लॅटिन 'कान्ना'चा अर्थ केवळ बोरू न राहता 'नळी' असाही झाला. इटालियन भाषेत एखादी वस्तू मोठी आहे हे दाखवण्यासाठी शब्दाच्या शेवटी 'ओने' जोडतात. मोठी नळी ती 'कान्नोने'. चौदाव्या शतकात युरोपात दारूगोळ्याची शस्त्रे आली, तेव्हा धातूच्या त्या जाड नळीला हे नाव मिळाले, फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरले आणि तोफेला नाव मिळाले. योगायोग असा की दारूगोळ्याची जन्मभूमी असलेल्या चीनमध्ये आरंभीच्या अग्निशस्त्रांसाठी खरोखरच बांबूच्या नळ्या वापरीत. शब्दाच्या बाबतीत जे युरोपात घडले, ते वस्तूच्या बाबतीत चीनमध्ये आधीच घडून गेले होते.

याच कुळातील आणखी काही मंडळी आपल्या परिचयाची आहेत. इंग्रजीत वेताला आणि उसाला जो शब्द आहे तो याच 'कान्ना'चा. पाण्याच्या कालव्यासाठी असलेले 'कॅनाल' आणि 'चॅनल' हे शब्दही त्याचेच. आपल्या अंगणातील कर्दळीचे शास्त्रीय नाव 'कॅना' आहे. तसेच रुग्णालयात सलाईन देण्यासाठी शिरेत जी बारीक नळी बसवतात, तिला परिचारिका 'कॅन्युला' म्हणतात. लॅटिनमध्ये लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून झालेला हा शब्द आहे; 'कॅन्युला' म्हणजे छोटी नळी. मोठी नळी प्राण घेते आणि छोटी नळी प्राण वाचवते, परंतु घराणे एकच.

इंग्रजीत या दोन शब्दांच्या लेखनाचा घोळ आजचा नाही. कित्येक शतके दोन्ही शब्द कसेही लिहिले जात. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात राजपुत्र आत्महत्येविरुद्ध असलेल्या ईश्वरी आज्ञेचा उल्लेख करतो. १६२३ च्या प्रसिद्ध फोलिओ आवृत्तीत तेथे दोन 'एन' छापलेले आहेत, म्हणजे आजच्या हिशेबाने ईश्वराची तोफ! तोफेला दोन 'एन' आणि नियमाला एक, ही वाटणी इंग्रजीत सुमारे १८०० च्या सुमारास स्थिरावली. तेव्हा आपल्याकडील मुद्रकांनी फार खजील होण्याचे कारण नाही.

कॅमेऱ्यावरील 'कॅनन' या नावाविषयीही अनेकदा विचारणा होते. त्याचा जन्म वेगळा आहे. जपानमधील त्या कंपनीने १९३४ साली केलेल्या पहिल्या नमुना-कॅमेऱ्याला 'क्वानॉन' हे नाव दिले होते. बौद्ध परंपरेतील करुणेची देवता 'कान्नोन' हिच्यावरून ते घेतलेले होते. भारतात या देवतेला अवलोकितेश्वर म्हणतात व त्याची शिल्पे आपल्या जवळच्या कान्हेरी लेण्यांतही आहेत. पुढे परदेशी ग्राहकांना सुलभ वाटावे म्हणून 'कॅनन' हे रूप स्वीकारण्यात आले. त्यात 'एन' एकदाच येतो.

मराठीच्या घरातील नातलग

हे सारे परभाषेतील आहे असे वाटत असेल, तर आपल्याच घरात डोकावून पाहू. ग्रीक 'कानोन' अरबी भाषेत गेला आणि 'कानून' झाला. तुर्कस्तानचा सोळाव्या शतकातील सुलतान सुलेमान याला त्याची प्रजा 'कानुनी', म्हणजे कायदे देणारा, म्हणून ओळखते. फारसीच्या मार्गाने तो शब्द मराठीत आला. 'कायदेकानून' हा जोडशब्द आपण रोज वापरतो. शिवकाळातील अष्टप्रधानांची कर्तव्ये नमूद करणारा कागद 'कानूजाबता' या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. म्हणजे निकियाच्या धर्मपरिषदेच्या 'कॅनन'चा आणि शिवरायांच्या दरबारातील 'कानू'चा पूर्वज एकच.

याहून मनोवेधक कथा आहे ती 'कलम' या शब्दाची. बोरूला ग्रीकमध्ये आणखी एक नाव होते, 'कालामोस'. त्याची लेखणी करीत, म्हणून अरबीत 'कलम' म्हणजे लेखणी. आपल्याकडेही बोरू म्हणजे लेखणी; आपल्या आजोबांच्या पिढीने बोरूनेच अक्षर गिरवले. पुढे लेखणीने लिहिलेला मजकुराचा एक भाग, कायद्याचा एक परिच्छेद, यालाही आपण 'कलम' म्हणू लागलो. आता 'कॅनन २१२' याचे मराठी भाषांतर आपण काय करतो? 'कलम २१२'! एक बोरू दुसऱ्या बोरूच्या जागी येऊन बसला आणि भाषांतरकाराला त्याचा पत्ताही लागला नाही. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात देवदूत नव्या यरुशलेमचे मोजमाप ज्या सोन्याच्या बोरूने घेतो, त्यालाही मूळ ग्रीकमध्ये 'कालामोस' हाच शब्द आहे.

तोफेसाठी मात्र मराठीने तुर्की भाषेतील वेगळा शब्द घेतला. त्यामुळे नियम आणि तोफ यांची गल्लत मराठीत शब्दांच्या पातळीवर होत नाही. ती होते आचरणाच्या पातळीवर, आणि तीच अधिक गंभीर आहे.

मोजण्यासाठी की डागण्यासाठी ?

ख्रिस्तसभेचे नियम शतकानुशतके विखुरलेले होते. सुमारे ११४० साली बोलोन्या येथील ग्रेशियन या विद्वानाने परस्परविरोधी वाटणाऱ्या नियमांचा मेळ घालणारा मोठा संग्रह सिद्ध केला. १९१७ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी २४१४ कलमांची पहिली संहिता प्रसिद्ध केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तिची पुनर्रचना झाली आणि पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी १७५२ कलमांची नवी संहिता जाहीर केली. पौर्वात्य ख्रिस्तसभांसाठी १९९० साली १५४६ कलमांची स्वतंत्र संहिता प्रसिद्ध झाली.

या संहितेत केवळ मनाईच आहे, असा अनेकांचा ग्रह असतो. प्रत्यक्षात तिच्यात भाविकांच्या हक्कांची सविस्तर नोंद आहे. आपल्या गरजा व मते मेंढपाळांना कळविण्याचा हक्क (कलम २१२), देवशब्द आणि साक्रामेंते मिळण्याचा हक्क (कलम २१३), कोणाच्याही चांगल्या नावाला अन्यायाने काळिमा न लावण्याचे बंधन (कलम २२०), आपल्या हक्कांसाठी ख्रिस्तसभेच्या न्यायपीठाकडे दाद मागण्याचा हक्क (कलम २२१). प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे (कलम ५३७) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना दिला पाहिजे (कलम १२८७), हेही तेथेच सांगितले आहे. ही सरळ काठी धर्मगुरूंच्या हाती आहे तशी ती धर्मगुरूंच्याही बाजूला लावून पाहण्यासाठी आहे.

तोफेची भीती सर्वांत अधिक जाणवते ती विवाहाच्या प्रकरणांत. मोडलेल्या संसारातील व्यक्ती न्यायपीठाची पायरी चढण्यास कचरते, कारण आपल्यावर निवाडा डागला जाईल असे तिला वाटते. वस्तुतः तेथे मोजले जाते ते एवढेच की, विवाहाच्या दिवशी वैध विवाहासाठी आवश्यक असलेल्या गोष्टी, जसे की मुक्त संमती, खरोखर उपस्थित होत्या काय. हा घटस्फोट नव्हे. नंतर कोण किती चुकले याचा हिशेबही नव्हे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सुलभ केली. विवाह रद्दबातल ठरविणारे दोन एकमुखी निर्णय पूर्वी आवश्यक असत. आता अपील न झाल्यास एकच पुरेसा ठरतो. संबंधितांचा न्याय्य मोबदला वगळता ही प्रक्रिया विनामूल्य व्हावी, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली. आपल्या ओळखीत कोणी या दुःखातून जात असेल, तर न्यायपीठाची वाट त्यांना दाखवणे हे बंधुप्रेमाचे काम आहे.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की मोजपट्टी मऊ असावी. वाकलेल्या काठीने भिंत सरळ होत नाही. अल्पवयीनांवरील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत ख्रिस्तसभेला लाजेने मान खाली घालावी लागली, त्यामागे नियम कठोर होते हे कारण नव्हते. अनेक ठिकाणी ते वापरलेच गेले नाहीत, हे एक कारण होते. म्हणून २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी संहितेच्या शिक्षाविषयक सहाव्या पुस्तकाची पुनर्रचना केली. हा गुन्हा आता मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांत गणला जातो (कलम १३९८). दुर्बलाच्या बाजूने ठाम उभी राहणारी काठी ही देखील दयाच होय.

संहितेचे अखेरचे कलम १७५२ तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. विषय आहे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंच्या बदलीचा, ज्यावरून गावोगाव किती वादळे उठतात हे सांगण्याची गरज नाही. अशा रुक्ष प्रशासकीय विषयाचा शेवट करताना कायदा सांगतो की, आत्म्यांचे तारण हाच ख्रिस्तसभेत सर्वोच्च नियम असला पाहिजे आणि तो सदैव दृष्टीपुढे असावा. १७५२ कलमांची ही काठी अखेर ज्या मापाने स्वतः मोजली जाते ते माप हे आहे. सभेत एकमेकांवर कलमांचे क्रमांक फेकणाऱ्यांनी, मग ते धर्मगुरू असोत की प्रापंचिक, आपला हेतू या शेवटच्या कलमाला लावून पाहावा.

तोफ जेव्हा माप बनते

शेवटी रोम शहरातील एक परंपरा सांगितली पाहिजे. तेथील चर्चमधील घड्याळे एकमेकांशी जुळत नसत आणि माध्यान्हीच्या घंटा मागेपुढे वाजत. १८४७ साली पोप नववे पायस, ज्यांनी पुढे आपल्या संत गोन्सालो यांना संतपद बहाल केले तेच, यांनी कास्तेल सांत आंजेलो या किल्ल्यावरून दररोज दुपारी बारा वाजता तोफ उडविण्याची व्यवस्था केली, जेणेकरून सर्व घंटा एकाच वेळी वाजाव्यात. १९०४ सालापासून ती तोफ जानिकोलो टेकडीवरून उडते. महायुद्धाच्या काळात ती बंद पडली. १९५९ साली पुन्हा सुरू झाली. तिच्यात गोळा नसतो. तोफ असूनही ती नियमाचे काम करते आणि शहराला वेळेचे माप देते.

लेखनासाठी एक सोपी खूण सांगतो. तोफेच्या गाड्याला दोन चाके असतात, म्हणून तिला दोन 'एन'. मोजण्याची काठी एकच असते, म्हणून तिला एक 'एन'. ही खूण विद्यार्थ्यांना आणि पत्रके छापणाऱ्यांना पुरेशी आहे.

आपल्या आचरणासाठीची खूण मात्र प्रभू येशूकडेच पाहून घ्यावी लागते. सैनिकांनी थट्टेने त्याच्या हाती राजदंड म्हणून बोरू दिला आणि तोच काढून घेऊन त्याच्या मस्तकावर मारला. मोजण्याच्या वस्तूचे मारण्याचे हत्यार कसे होते, हे त्या दिवशी पिलाताच्या वाड्यात दिसले. यशया संदेष्ट्याने मात्र त्याच्याविषयी आधीच सांगून ठेवले होते, आणि संत मत्तयाने ते आपल्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात नोंदविले आहे, की चेपलेला बोरूदेखील तो मोडणार नाही. नियम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने, घरात, शाळेत, संस्थेत वा धर्मग्रामात, हे वचन जवळ ठेवावे.